घटक ४ : भूगोल, जनुकीय विविधता आणि संवर्धन – ट्रॅपडोअर कोळी व विदर्भातील वाघ

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• जनुकीय विविधता म्हणजे काय आणि ती कशामुळे घटते, हे सांगता येईल.
• भूरचनेमुळे एकाच जातीतील समूह एकमेकांपासून कसे दुरावतात, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• मर्यादित संचार करणारे आणि दूरवर संचार करणारे प्राणी यांच्या संवर्धनाच्या गरजा वेगळ्या का असतात, याचे विवेचन करता येईल.
• आपल्या परिसरातील भूभागाकडे या दृष्टीने पाहून नोंदी करता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, जैवविविधतेचे तीन स्तर मानले जातात : परिसंस्थांची विविधता, जातींची विविधता आणि एकाच जातीच्या अंतर्गत असणारी जनुकीय विविधता. पहिले दोन स्तर आपल्याला डोळ्यांनी ओळखता येतात. जंगल आणि माळरान यांतील फरक दिसतो. वाघ आणि बिबट्या यांतील फरकही दिसतो. तिसरा स्तर मात्र दिसत नाही. दोन जंगलांतील वाघ सारखेच दिसतात, परंतु त्यांच्या पेशींतील जनुकीय वारसा सारखा असेलच असे नाही. हा न दिसणारा स्तर कोण घडवतो, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग भूगोलात आहे.

नागपूरचा नकाशा समोर घ्या आणि धरमपेठेवर बोट ठेवा. पश्चिमेच्या अंगाला अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव, उत्तरेला सेमिनरी हिल्स, पूर्वेला सीताबर्डीची टेकडी. आता नकाशाचा पल्ला वाढवा. उत्तरेला पेंच, पूर्वेला नवेगाव-नागझिरा, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, दक्षिणेला ताडोबा-अंधारी, नैर्ऋत्येला बोर आणि पश्चिमेला दूरवर मेळघाट. व्याघ्रवनांच्या या कड्याच्या मधोमध नागपूर शहर वसले आहे. पेंचमधील वाघाचा वंश ताडोब्यापर्यंत पोहोचेल की नाही, हे त्या दोन जंगलांवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच त्यांच्या मधल्या जमिनीवर अवलंबून आहे. आणि त्या मधल्या जमिनीवर आपण राहतो.

याच नकाशाकडे आता वाघाऐवजी अंगठ्याएवढ्या एखाद्या कोळ्याच्या नजरेने पाहा. जमिनीत बीळ करून जन्मभर तेथेच राहणाऱ्या जिवाला धरमपेठेतील एका डांबरी रस्त्याची रुंदीसुद्धा ओलांडणे कठीण आहे. नकाशावरचे अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते. प्राण्याचे अंतर त्याच्या चालीने मोजावे लागते. प्रस्तुत घटकात आपण चालीच्या दृष्टीने दोन टोकांना असलेल्या या दोन जिवांचा एकत्र विचार करणार आहोत : ट्रॅपडोअर कोळी आणि वाघ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ जनुकीय विविधता : मूलभूत संकल्पना

सजीवाच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक माहिती साठवलेली असते. या माहितीच्या एककाला जनुक म्हणतात. एकाच जनुकाची थोडी वेगळी अशी अनेक रूपे एखाद्या जातीत असू शकतात. ही रूपे जितकी अधिक, तितकी त्या जातीची जनुकीय विविधता अधिक. नवा रोग आला, पाऊसमान बदलले, भक्ष्य बदलले, तर एकाला न साधणारी गोष्ट दुसऱ्याला साधते, कारण त्याच्याकडे जनुकाचे वेगळे रूप असते. शेतकऱ्याने एकाच वाणाऐवजी चार वाणांचे बियाणे घरात राखावे, तशीच ही निसर्गाची ठेव आहे.

एका क्षेत्रात राहणाऱ्या आणि परस्परांत प्रजनन करणाऱ्या, एकाच जातीच्या जिवांना आपण येथे ‘समूह’ म्हणू. एखाद्या समूहाची जनुकीय विविधता तीन प्रक्रियांवर विशेषत्वाने अवलंबून असते.

(अ) जनुकीय विचलन : प्रत्येक पिढीत कोणती रूपे पुढे जातील, हे काही अंशी योगायोगाने ठरते. समूह लहान असेल तर योगायोगाचा प्रभाव वाढतो आणि काही रूपे कायमची गळतात. ही गळती मोजण्याचे एक साधे सूत्र आहे. समूहात प्रजनन करणाऱ्यांची संख्या ‘न’ असेल, तर आदर्श स्थितीत दर पिढीला १ भागिले २न इतकी विविधता कमी होते. न = १० असल्यास दर पिढीला ५ टक्के; दहा पिढ्यांत सुमारे ४० टक्के. न = १०० असल्यास दर पिढीला अर्धा टक्का; दहा पिढ्यांत सुमारे ५ टक्के. यावरून लक्षात येईल की, दहा-दहा वाघांची दहा तुटलेली जंगले आणि शंभर वाघांचे एक जोडलेले जंगल, यांची बेरीज शिरगणतीत सारखी दिसली तरी वंशाच्या हिशेबात ती सारखी नसते.

(आ) अंतःप्रजनन : लहान व बंदिस्त समूहात काही पिढ्यांनंतर जवळच्या नात्यातील जोडीदारांखेरीज पर्याय उरत नाही. त्यामुळे एरवी झाकलेली दोषयुक्त जनुकरूपे संततीत उघड होऊ लागतात.

(इ) जनुकप्रवाह : एका समूहातील प्राणी दुसऱ्या समूहात जाऊन तेथे प्रजनन करतो, तेव्हा त्याच्याबरोबर जनुकांची रूपेही जातात. या देवाणघेवाणीला जनुकप्रवाह म्हणतात. वरील दोन्ही प्रक्रियांनी होणारी झीज तो भरून काढतो.

भूगोलाचा संबंध येतो तो मुख्यतः या तिसऱ्या प्रक्रियेत. पर्वत, दरी, नदी, समुद्र, मातीचा प्रकार, जंगल आणि मोकळी जमीन या गोष्टी जनुकप्रवाहाला वाट देतात किंवा अडवतात. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील पालघाटची खिंड हे याचे परिचित उदाहरण. पर्वतरांगेतील सुमारे ३० किलोमीटर रुंदीच्या या सखल पट्ट्याच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील उंच डोंगरांवर राहणारे काही पक्षी एकमेकांपासून जनुकीयदृष्ट्या बरेच दूर गेले आहेत. उंचावरील थंड अरण्यात राहणाऱ्या लहान पक्ष्याला मधला उष्ण सखल प्रदेश समुद्रासारखाच असतो. पंख असूनही त्याला तो ओलांडता येत नाही. मग पंख नसणाऱ्यांची आणि बिळातून बाहेरही न पडणाऱ्यांची स्थिती काय असेल?

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. जनुकप्रवाह म्हणजे काय?
२. प्रजनन करणाऱ्यांची संख्या ५० असलेल्या समूहाची विविधता आदर्श स्थितीत दर पिढीला किती टक्क्यांनी घटेल?

४.२.२ ट्रॅपडोअर कोळी : जागेशी बांधलेला जीव

घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारे कोळी आपल्या परिचयाचे असतात. ट्रॅपडोअर कोळी जाळे विणत नाहीत. ते जमिनीत बीळ खणतात, बिळाला आतून रेशमी अस्तर लावतात आणि तोंडावर माती व रेशीम यांचे झाकण बसवतात. हे झाकण एका बाजूला रेशमाच्या बिजागरीने जोडलेले असते. वरून त्यावर माती, शेवाळ किंवा पाचोळा असल्यामुळे बीळ शेजारून जाणाऱ्यालाही ओळखू येत नाही. रात्री कोळी झाकण किंचित उचलून दबा धरतो आणि जवळून जाणारा कीटक झडप घालून आत ओढतो.

यांचे जीवनमान दीर्घ असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थ बंगुला या राखीव क्षेत्रात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ मध्ये अशा कोळ्यांच्या बिळांना क्रमांक देऊन त्यांचे निरीक्षण सुरू केले. त्यांतील १६ व्या क्रमांकाची मादी २०१६ मध्ये मेली, तेव्हा तिचे वय ४३ वर्षे होते. एवढ्या काळात तिने बीळ बदलले नाही. तिचा अंतही वार्धक्याने झाला नाही. परजीवी गांधीलमाशीने झाकण भेदून तिला गाठले होते. ज्या राखीव क्षेत्रात ती जगली, त्याच्या सभोवतालची नैसर्गिक झाडी गव्हाच्या शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर साफ करण्यात आली आहे. राखीव तुकडा उरला म्हणून ती उरली.

कोळ्यांच्या अनेक जातींची पिल्ले रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्यावर तरंगत दूर जातात. ट्रॅपडोअर कोळ्यांत ही सवय काही मोजक्या गटांपुरतीच आढळते. बहुतेक जातींची पिल्ले आईच्या बिळातून बाहेर पडतात, थोडे अंतर चालतात आणि तेथेच आपले लहानसे बीळ खणतात. प्रौढ मादी सहसा बीळ सोडत नाही. प्रौढ नर मात्र अनुकूल ऋतूत, बहुधा पावसाच्या ओलाव्यात, मादीच्या शोधात बाहेर पडतो. म्हणजे या कुळात जनुकांची ने-आण करणारा प्रवासी एकच : काही दिवस भटकणारा नर. त्याच्या पायांना जेवढी मजल मारता येते, तेवढाच जनुकप्रवाहाचा पल्ला.

याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्पष्ट झाले. तेथील समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत ॲप्टोस्टिकस सायमस नावाचा ट्रॅपडोअर कोळी राहतो. वेगवेगळ्या ठिकाणच्या कोळ्यांत शरीररचनेचा म्हणण्यासारखा फरक दिसत नव्हता; राहण्याची रीतही एकच होती. २००१ मध्ये जेसन बाँड आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या जनुकीय द्रव्याची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा या समूहांत दीर्घकाळची खोल तफावत असल्याचे आढळले. टेकड्यांचे पट्टे सलग नव्हते आणि मधली जागा या कोळ्यांनी ओलांडली नव्हती. डोळ्यांना जी एक जात दिसत होती, तिच्या आत अनेक जुने, स्वतंत्र वंश होते. अशा दडलेल्या वंशांपैकी एखादा नष्ट झाला तर ‘जात अजून शिल्लक आहे’ असे आपण म्हणत राहू आणि काय गमावले ते कळणारही नाही.

भारतातही ट्रॅपडोअर कोळ्यांच्या अनेक जाती आहेत. आर. आय. पोकॉक यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील अष्टपादांच्या खंडात त्यांपैकी काहींची वर्णने केली. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांनी ही परंपरा चालवली. या जातींची शास्त्रीय नावे भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावीत. इडिऑप्स बॉम्बेएन्सिस, इडिऑप्स मद्रासेन्सिस, इडिऑप्स जोयडा, टिगिडिया सह्याद्री, हेलिग्मोमेरस बारकुडेन्सिस. मुंबई, मद्रास, उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, सह्याद्री आणि चिल्का सरोवरातील बारकुडा बेट ही स्थळे या नावांत बसली आहेत. नावात गाव आले म्हणून ती जात केवळ त्याच गावात असते असा निष्कर्ष काढता येत नाही. तरी ज्या जिवाची ओळख सांगताना जागेचे नाव घ्यावेसे वाटते, त्याचे जागेशी असलेले नाते या नामकरणातून सूचित होते.

येथे एक अपवादही ध्यानात ठेवावा. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील कांगारू बेटावर मोग्रिज्या रिन्टौली हा ट्रॅपडोअर कोळी राहतो. त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत आहेत. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया पूर्वी एकाच महाखंडाचे भाग असल्यामुळे भूखंड दुभंगले तसे हे कोळी दुरावले असावेत, अशी एक उपपत्ती मांडता येते. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही ताटातूट २० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची निघाली. भूखंड तर त्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधी वेगळे झाले होते. तेव्हा हे कोळी मातीसह उन्मळून वाहत आलेल्या एखाद्या झाडाझुडपाच्या तराफ्यावरून हिंदी महासागर पार करून आले असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. लाखो वर्षांत एकदा घडणारा असा योगायोग नवा वंश सुरू करू शकतो. दर पिढीला लागणारा जनुकप्रवाह मात्र अशा योगायोगावर चालत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. ट्रॅपडोअर कोळ्यांत जनुकांची ने-आण प्रामुख्याने कोण करतो?
२. कॅलिफोर्नियातील कोळ्यांच्या अभ्यासातून कोणती गोष्ट उघड झाली?

४.२.३ विदर्भातील वाघ : वाटेशी बांधलेला जीव

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. वाघाची मादी बहुधा आईच्या क्षेत्राजवळ आपले क्षेत्र वसवते. तरुण नर दूर जातो. या बाबतीत वाघ आणि ट्रॅपडोअर कोळी यांच्यात साम्य आहे. फरक आहे तो नराच्या मजलेत.

आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातील सहा संरक्षित क्षेत्रांतील ५५ वाघांचा जनुकीय अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांसाठी वाघाला पकडावे लागत नाही. जंगलातील वाटेवर मिळणाऱ्या विष्ठेत आतड्याच्या पेशी असतात आणि त्यांवरून वाघाची ओळख पटवता येते. कोणता वाघ कोणत्या समूहात जन्मलेला असण्याची शक्यता अधिक, हे पडताळल्यावर काही वाघ सुमारे ६५० किलोमीटर अंतरापर्यंत स्थलांतरित झाल्याचे संकेत मिळाले. या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. दोन क्षेत्रांमधील नुसत्या अंतराचा वाघांच्या जोडणीवर परिणाम दिसला नाही. परिणाम दिसला तो मनुष्यवस्तीचा, रस्त्यांच्या घनतेचा आणि ज्या जंगलात जायचे तेथे आधीच असलेल्या वाघांच्या दाटीचा.

या निष्कर्षाचे महत्त्व नीट समजून घ्यावे. कोळ्याच्या बाबतीत भूगोल म्हणजे माती, उतार, ओलावा आणि त्यांचे तुटलेले पट्टे. वाघाच्या बाबतीत आजचा भूगोल म्हणजे आपण घडवलेला भूगोल. नागपूरच्या आसपास दख्खनच्या पठारावरील बेसाल्टचा थर संपतो आणि पूर्वेकडे अतिप्राचीन स्फटिकमय खडक उघडे पडतात. भूशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी सीमारेषा आहे. वाघ मात्र तिच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यांना अडवतो तो रहदारीचा महामार्ग आणि सलग वस्तीचा पट्टा.

२०१९ मधील एका प्रवासाने ही गोष्ट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नराच्या गळ्यात रेडिओ पट्टा बसवलेला होता. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडावर तो टिपेश्वरमधून निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, नाले, गावांच्या शिवा ओलांडत तो वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांच्या नोंदींत त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरहून अधिक भरली. ‘वॉकर’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. त्याने वाट शोधली, पण ज्ञानगंगेत त्याला जोडीदार मादी नव्हती. स्थलांतर आणि जनुकप्रवाह यांतील भेद येथे स्पष्ट होतो. प्राणी पोहोचला, परंतु त्याची संतती तेथे वाढली नाही, तर वंशाच्या दृष्टीने तो प्रवास पूर्ण होत नाही. म्हणून वाटेच्या दुसऱ्या टोकाचे जंगलही जिवंत असावे लागते.

वाट पूर्णपणे तुटली तर काय होते, याचे उदाहरण ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथील काही वाघांच्या अंगावरील काळे पट्टे इतके रुंद व एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच दिसतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यामागे एका जनुकातील बदल असल्याचे निष्पन्न झाले. भारतातील इतर जंगलांतील तपासलेल्या वाघांत हे रूप आढळले नाही. सिमिलीपालचा समूह लहान असून इतरांपासून तुटलेला आहे. त्यामुळे एक दुर्मीळ रूप योगायोगाने तेथे वाढत गेले, असे संशोधकांचे म्हणणे आहे. पर्यटकांना हा काळा वाघ अप्रूप वाटतो. आपण वर अभ्यासलेल्या विचलनाची आणि अंतःप्रजननाची ती डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

मध्य भारतातील वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर यांची तुलना करणारा प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांचा २०२० मधील अभ्यासही येथे उपयुक्त आहे. एकाच भूभागातील मानवी हस्तक्षेपाचा या चार प्राण्यांच्या जनुकीय जोडणीवर सारखा परिणाम होत नाही, असे त्यातून दिसले. ज्या रस्त्याने एकाची वाट बंद होते, त्याच रस्त्याने दुसऱ्याची होईलच असे नाही. म्हणजे ‘अडथळा’ हा जमिनीचा अंगभूत गुण नाही. जमीन आणि प्राणी यांच्या संबंधातून तो ठरतो.

४.२.४ संवर्धनाचा आकार

वरील विवेचनातून संवर्धनाचे दोन वेगळे आकार पुढे येतात : वाटेचे संवर्धन आणि जागेचे संवर्धन.

वाघासाठी वाट राखावी लागते. नागपूरहून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो. त्याचे चौपदरीकरण करताना महाराष्ट्रातील टप्प्यात नऊ ठिकाणी प्राण्यांना खालून जाता येईल असे पूल व भुयारी मार्ग बांधण्यात आले. त्यांची रुंदी सुमारे ५० ते ७५० मीटर आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे स्वयंचलित कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी या मार्गांचा उपयोग करताना आढळले. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. रस्ता आणि वाट एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे. मात्र रस्त्यालगतच्या शेताचा पुढे भूखंड झाला, कुंपण पडले, तर पुलाखालची मोकळी जागा कोठेही न जाणारी वाट ठरेल.

वाट अपुरी पडते तेव्हा प्राणी उचलून नेण्याचा मार्ग अवलंबला जातो. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. ज्ञानगंगेच्या उदाहरणात जी उणीव दिसली, तीच येथे मानवी प्रयत्नाने भरून काढली गेली. तथापि हा उपाय खर्चिक आणि जोखमीचा आहे. शिवाय तो पिढ्यान्‌पिढ्या करत राहावा लागेल. नैसर्गिक वाट एकदा राखली की ती आपले काम आपण करते.

ट्रॅपडोअर कोळ्यासाठी हीच उपाययोजना चालणार नाही. दोन टेकड्यांना जोडणारा पट्टा राखला तरी तो ओलांडायला या कोळ्याला अनेक पिढ्या लागतील. एका टेकडीचे कोळी दुसऱ्या टेकडीवर नेऊन सोडले, तर लाखो वर्षे स्वतंत्र वाढलेले वंश आपल्या हाताने मिसळल्यासारखे होईल. वाघांच्या बाबतीत मिसळण हितकारक आहे, कारण त्यांची ताटातूट अलीकडची आणि मानवनिर्मित आहे. कोळ्यांच्या बाबतीत वेगळेपण हीच त्यांची संपत्ती आहे, कारण ते निसर्गाने घडवलेले आहे. तुटलेपण नवे की जुने, हे ओळखणे म्हणून संवर्धनाच्या निर्णयातील पहिली पायरी ठरते. आणि ते जनुकीय अभ्यासाशिवाय ओळखता येत नाही.

अशा जिवांसाठी जागा राखावी लागते, आणि ती लहान असली तरी चालते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात जैवविविधता वारसा स्थळे घोषित करण्याची तरतूद आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एक लहान मासा सापडला. २०२० मध्ये त्याचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नामकरण झाले आणि २०२१ मध्ये तेथील २.११ हेक्टर क्षेत्र वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. शेकडो चौरस किलोमीटरच्या व्याघ्र प्रकल्पांपुढे हे क्षेत्र नगण्य वाटेल. त्या माशासाठी मात्र हा निर्णय मोलाचा आहे. जमिनीत राहणाऱ्या कोळ्यांना याच प्रमाणाचे संरक्षण उपयोगी पडते : देवराई, न खणलेली टेकडी, ओढ्याकाठची न सपाट केलेली दरड. मुरूम काढण्यासाठी एक टेकडी खणली, तर वाघाच्या नकाशात काहीच बदलत नाही. कोळ्याच्या नकाशातून एक देश पुसला जाऊ शकतो.

याच कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन होतात आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. या नोंदवहीत मोठ्या प्राण्यांबरोबर बिळांत राहणाऱ्या लहान जिवांचीही नोंद होणे आवश्यक आहे. ज्याची नोंद नाही, ते हरवल्याची तक्रारही कोणी करत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
१. वॉकर या वाघाच्या प्रवासातून स्थलांतर आणि जनुकप्रवाह यांतील कोणता भेद कळतो?
२. आंबोली येथील वारसा स्थळाचे क्षेत्र किती आहे?

४.३ सारांश

जनुकीय विविधता हा जैवविविधतेचा न दिसणारा स्तर आहे. लहान व तुटलेल्या समूहांत विचलन आणि अंतःप्रजनन यांमुळे ती घटते. जनुकप्रवाहामुळे ती टिकते. भूगोल या प्रवाहाला वाट देतो किंवा अडवतो, परंतु कोणती गोष्ट अडथळा ठरेल हे प्राण्याच्या संचारक्षमतेवर अवलंबून असते. ट्रॅपडोअर कोळी जागेशी बांधलेला असल्यामुळे थोड्या अंतरावरही त्याचे स्वतंत्र वंश निर्माण होतात. विदर्भातील वाघ शेकडो किलोमीटर चालतो; त्याला अंतर अडवत नाही, वस्ती आणि रस्ते अडवतात. म्हणून वाघासाठी वाटा आणि कोळ्यासाठी जागा राखणे आवश्यक आहे. निसर्गाने दीर्घकाळात घडवलेले वेगळेपण जपावे आणि मानवाने अलीकडे निर्माण केलेले तुटलेपण सांधावे, हे या घटकाचे मुख्य सूत्र होय.

४.४ पारिभाषिक शब्द

जाती : परस्परांत प्रजनन करून प्रजननक्षम संतती निर्माण करणाऱ्या सजीवांचा गट.
प्रजाती : निकटचे नाते असलेल्या जातींचा गट. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा असतो, उदा., इडिऑप्स.
जनुकीय विचलन : योगायोगामुळे समूहातील जनुकरूपांच्या प्रमाणात पिढीगणिक होणारा बदल.
भ्रमणमार्ग : दोन अधिवासांना जोडणारा, प्राण्यांना ये-जा करता येईल असा भूपट्टा.
विखंडन : सलग अधिवासाचे लहान, विलग तुकड्यांत रूपांतर होणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) प्राण्यांच्या स्थलांतर व प्रजननाद्वारे एका समूहातून दुसऱ्या समूहात होणारी जनुकरूपांची देवाणघेवाण. (२) १ टक्का.
प्रश्न २ : (१) प्रौढ नर. (२) दिसायला सारख्या असणाऱ्या समूहांत दीर्घकाळची जनुकीय तफावत असल्याची.
प्रश्न ३ : (१) प्राणी नव्या ठिकाणी पोहोचला तरी तेथे त्याची संतती निर्माण झाल्याशिवाय जनुकप्रवाह होत नाही. (२) २.११ हेक्टर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. ‘नकाशावरचे अंतर आणि प्राण्याचे अंतर या दोन भिन्न गोष्टी आहेत.’ ट्रॅपडोअर कोळी आणि वाघ यांच्या आधारे या विधानाचे विवेचन करा.
२. वाटेचे संवर्धन आणि जागेचे संवर्धन यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

(आ) टिपा लिहा
१. सिमिलीपालचे काळे वाघ २. पेंच परिसरातील महामार्गाखालील प्राणीमार्ग ३. स्थलनामांवरून पडलेली शास्त्रीय नावे

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावाचा किंवा प्रभागाचा साधा नकाशा काढा. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी धरमपेठ ते अंबाझरी-फुटाळा हा पट्टा घ्यावा. गेल्या वीस वर्षांत जेथील माती खणली किंवा झाकली गेलेली नाही, अशा जागा वडीलधाऱ्यांना विचारून त्यावर दाखवा. त्या जागांमधील रस्ते, भिंती आणि नाले खुणेने नोंदवा. बिळे उकरू नका अथवा कोणताही जीव पकडू नका. तयार झालेल्या नकाशाच्या आधारे, चालत जाणाऱ्या एका लहान जिवाला यांपैकी कोणकोणत्या जागा एकमेकींशी जोडलेल्या वाटतील, यावर दीडशे शब्दांचे टिपण लिहा.